वर्षाचं माप कसं घ्यायचं

कराडला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, चोवीस वर्षं झाली. दुकानात एक लांबडी वही आहे, मापांची. नाव, उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. जुनी गिऱ्हाइकं कापड टाकून जाताना म्हणतात, "ताई, मागचंच माप धरा, काही बदल नाही." मी तरी टेप काढते. वर्षात अंगात फरक पडतोच, आणि ज्याच्या अंगात पडतो त्याच्या तो सगळ्यात उशिरा लक्षात येतो. मागच्या मापावर शिवलेला ब्लाऊज लग्नाच्या दिवशी हूक लावताना दगा देतो, आणि तेव्हा उसवायला वेळ नसतो.

घरच्या पैशाचं आणि स्वतःचं मी २०१७ पासून दरवर्षी असंच नव्याने माप घेते. त्याची वही वेगळी आहे, शंभर पानी. एका वर्षाला सात-आठ पानं लागतात. ते कसं घ्यायचं ते लिहिते. माझी कमाई हंगामी, आमचे हे खासगी बसवर ड्रायव्हर. त्यामुळे ज्यांना एक तारखेला ठरलेला पगार मिळत नाही त्यांना यातलं जास्त लागू पडेल.

कधी बसायचं

व्यापारी लक्ष्मीपूजनाला वही पूजतात. मला तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं, पण मार्चअखेर बसलं तर चूक दिसते आणि ती सुधारायला दिवस उरत नाहीत. मला पौष बरा पडतो. मार्गशीर्षातली लग्नं उरकलेली असतात, पौषात मुहूर्त नाहीत, दुकान शांत. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, वीस डिसेंबरच्या आसपास पौष लागला आणि पहिल्याच रविवारी आम्ही बसलो. महागाचं कापड असलं की लांब टाक्यांची कच्ची शिलाई घालून मी ते एकदा गिऱ्हाइकाच्या अंगाला लावून बघते, मग पक्की शिलाई घालते. डिसेंबरचं बसणं तसं आहे. पुढे मार्चपर्यंत तीन महिने हातात असतात.

एका बैठकीत सगळं करू नका. पहिल्या दिवशी फक्त कागद गोळा करायचे: बँकेची आणि पोस्टाची पासबुकं भरून आणायची, विम्याच्या पावत्या, कर्ज असेल तर त्याचा उतारा, आणि म्युच्युअल फंड असतील तर सीएएस. सीएएस म्हणजे तुमच्या पॅनवरच्या सगळ्या फंडांचा एकत्रित उतारा. कॅम्स किंवा केफिनटेकच्या वेबसाइटवर पॅन आणि फंडात नोंदवलेला ईमेल टाकला की तो मेलवर येतो. आठवड्याने दुसऱ्यांदा बसायचं, तेव्हा लिहायचं. घरात कमावणारी दोघं असतील तर दोघांनीही बसायचं. पहिली दोन वर्षं मी एकटीच बसले. माझ्या वहीत सगळं होतं आणि यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

पहिलं माप: सगळ्यात लहान महिना

बारा महिन्यांची मिळकत बारा ओळींत लिहा. दुकानाचं भाडं, दोरा, अस्तर, हूक, वीज, मदतनीस मुलीचा पगार, हे सगळं वजा करून जे घरी आलं तेवढंच. माझी यंदाची बेरीज २,७१,००० झाली. भागाकार केला तर महिन्याला साडेबावीस हजार. हा आकडा दिसायला चांगला आहे आणि तोच फसवतो, कारण साडेबावीस हजार असे यंदाच्या एकाही महिन्यात आले नाहीत. ऑक्टोबरात दिवाळीमुळे ४७,००० आले, जुलैत आषाढ होता तेव्हा ९,४००.

एसआयपीचा, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जाणारा, हप्ता ठरवताना मी सरासरी बघत नाही. सगळ्यात लहान महिना बघते. ९,४०० मधून घराला द्यायचे ते देऊन जेवढं सहज निघेल तेवढाच हप्ता, माझा २,००० आहे. सुरुवातीला चुलतबहिणीच्या आग्रहाने ५,००० लावणार होते. तसं केलं असतं तर दर आषाढात आणि पितृपक्षात खात्यात पैसे कमी पडून हप्ता परत गेला असता, बँकेने त्याचा दंड कापला असता आणि वैतागून मी सगळंच बंद केलं असतं. हप्त्याची तारीखही मी १२ ठेवली आहे, कारण गिऱ्हाइकांची उधारी पगार झाल्यावर, म्हणजे सात ते दहा तारखेत येते.

मग ऑक्टोबरच्या ४७,००० चं काय? दिवाळीनंतर जे वर राहतं ते एकरकमी पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात, टाकते. पीपीएफमध्ये वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, हप्ता ठरलेला नसतो, त्यामुळे हंगामी माणसाला ते खातं सोयीचं आहे. एकच काळजी घ्या. व्याज धरताना महिन्याच्या पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरतात. सहा तारखेला भरलेल्या पैशांना त्या महिन्याचं व्याज नाही. यंदा दिवाळी २१ ऑक्टोबरला झाली, मी ३ नोव्हेंबरला पोस्टात जाऊन २०,००० भरले. व्याजाचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे.

माया

शिवताना कापडाच्या कडेला आत दुमडून जे जास्तीचं कापड ठेवतो त्याला आम्ही माया म्हणतो. बाजूच्या शिवणीला दोन्हीकडे इंचभर तरी. बाहेरून ती दिसत नाही. अंग भरलं की तीच उसवून ब्लाऊज मोठा करता येतो. कापड वाचवायला कुणी माया कमी ठेवायला सांगितली तर मी ऐकत नाही, हवं तर दुसऱ्याकडे टाका म्हणते. साठवलेल्या पैशालाही आपल्याकडे माया म्हणतात आणि जिव्हाळ्यालाही. हा एकच शब्द तिन्हींना कसा आला ते मला माहीत नाही, पण चोवीस वर्षं तो रोज तोंडात असल्यामुळे या पैशाला दुसरं नाव द्यावंसं वाटत नाही.

किती ठेवायची? घरखर्चाचे सहा महिने असं सगळीकडे सांगतात. आमचं एवढं एकदम जमलं नाही. आधी एका महिन्याचं, मग तीन महिन्यांचं, असं करत चार वर्षांत सहापर्यंत पोचलो. माझ्या वाट्याचे ९०,००० आहेत, ते मुदत ठेवीत. ही ठेव दुसऱ्या कुठल्या कामाला धरायची नाही आणि तिच्यावर किती व्याज मिळतं याचं दुःखही करायचं नाही. रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो रेपो दर तिने फेब्रुवारी २०२५ पासून उतरवायला सुरुवात केली, ६.५० चा जूनपर्यंत ५.५० केला. ऑगस्टमध्ये माझी ठेव नव्याने केली तेव्हा व्याज पाऊण टक्क्याने कमी मिळालं. ठेव तिथेच ठेवली.

यंदा जानेवारीत सासूबाई ओल्या फरशीवरून पडल्या, मनगट मोडलं. ३४,००० खर्च झाला, तो मायेतून. कुणाकडे हात पसरला नाही, फंडाला हात लावला नाही, सोनं गहाण टाकलं नाही. पण वहीत मी हेही लिहिलं आहे की हा खर्च कदाचित वाचला असता. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ते सुरू झालं. सासूबाई ७४ वर्षांच्या. मी "दिवाळीचं काम संपू दे" म्हणत राहिले आणि कार्ड फेब्रुवारीत काढलं. तुमच्या घरी सत्तरीपुढचं माणूस असेल तर हे वाचून झाल्यावर आधी आधार कार्ड शोधा. योजनेत कुठलं रुग्णालय आहे आणि कशाचा खर्च बसतो ते आजारपण नसताना विचारून ठेवा.

मायेच्या पानावर तीन आकडे लिहायचे: वर्षाच्या सुरुवातीला किती होती, किती उसवली आणि कशासाठी, परत किती भरली. माझे ३४,००० मधले २९,००० नोव्हेंबरपर्यंत परत भरले. ५,००० राहिले आहेत, ते फेब्रुवारीच्या लग्नसराईत.

विम्याचं पान लहान आहे. यांच्या नावचा मुदत विमा, तिघांचा मिळून आरोग्य विमा, बस. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे, तेव्हा नूतनीकरणाची नोटीस आली की तो कर लागलेला नाही ना ते बघा.

गुंतवणुकीचं माप: युनिट, किंमत, वाटा

हे पान लिहिताना माझी सर्वांत मोठी चूक मी दरवर्षी वरच लिहून ठेवते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, दुकान बंद. २३ मार्चला निफ्टी, म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, ७,६१० वर आला होता. मी घाबरून एसआयपी थांबवली. दुकान बंद असताना हप्ता थांबवणं ठीक होतं. पण जूनमध्ये दुकान उघडलं, मास्क शिवायचं भरपूर काम मिळालं, तरी मी नोव्हेंबर संपेपर्यंत हप्ता सुरू केला नाही, कारण "अजून पडेल" असं मनात होतं. तोवर निफ्टी बारा हजारांच्या वर गेला. आठ हप्ते, १६,००० रुपये. ते भरले असते तर आज साधारण ३९,००० झाले असते. हे मी वहीत मांडून बघितलं तेव्हा वाईट वाटलं, पण मांडल्यामुळेच पुढच्या वेळी हात थरथरला नाही.

ती पुढची वेळ आलीच. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी निफ्टी २६,२०० च्या वर होता. तिथून सलग पाच महिने घसरत मार्चच्या सुरुवातीला २२,००० च्या आसपास आला. सलग पाच महिन्यांची घसरण १९९६ नंतर पहिल्यांदाच झाली म्हणे. माझ्या दुकानात येणाऱ्या दोन शिक्षिकांनी त्या काळात हप्ते बंद केले. मी २०२० चं पान उघडून वाचलं आणि १२ तारखेला हप्ता जाऊ दिला. एवढंच केलं.

म्हणून दर डिसेंबरला मी आधी युनिट लिहिते, किंमत नंतर. युनिट म्हणजे तुमच्या मालकीचा माल. मागच्या डिसेंबरला किती होते, आता किती. बाजार पडला तरी हप्ते भरणाऱ्याचा हा आकडा वाढतच असतो, आणि पडत्या महिन्यांत जास्त वाढतो. किंमत त्यानंतर. माझ्या निर्देशांक फंडात, म्हणजे निफ्टीबरोबर चढणाऱ्या-उतरणाऱ्या फंडात, जून २०१७ पासून ९५ हप्ते, म्हणजे १,९०,००० गेले. आजची किंमत ३,१२,००० आहे.

यातून परतावा किती ते साध्या टक्केवारीने काढू नका, कारण पहिला हप्ता साडेआठ वर्षं आत आहे आणि शेवटचा पंधरा दिवस. मुलाने मला फोनमधल्या स्प्रेडशीटमध्ये शिकवलं: एका रकान्यात प्रत्येक हप्त्याची तारीख, शेजारी रक्कम वजा चिन्हासह. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजची एकूण किंमत, अधिक चिन्हाची. मग एक्सआयआरआर (XIRR) हे सूत्र लावायचं, ते वर्षाला किती टक्के परतावा पडला ते सांगतं. माझं साधारण १२ टक्के आलं. ज्या गुंतवणुकीला वर्ष झालेलं नाही तिला हे सूत्र लावू नका, फार मोठा किंवा फार वाईट आकडा दाखवतं. हेच सूत्र जुन्या बचत-विमा पॉलिसीलाही लावून बघा. आमच्या एका पॉलिसीचं पाच टक्क्यांच्या आसपास आलं. चारच हप्ते राहिले आहेत म्हणून ती चालू ठेवली, तशी नवी घेतली नाही.

मग वाटा. शेअर बाजाराशी जोडलेलं किती, व्याजाचं किती. माझं ठरलं आहे निम्मं-निम्मं. फंडात ३,१२,०००, पीपीएफमध्ये २,६४,०००. म्हणजे ५४ आणि ४६. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक मी सोडून देते. त्याहून जास्त झाला की विकायचं काही नाही, येत्या दिवाळीचे वरचे पैसे कमी वाट्यात टाकायचे. तुमचं प्रमाण वेगळं असेल, तुमचं वय आणि जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत. पण ते बाजार शांत असताना ठरवा आणि कागदावर लिहा.

सोन्याबद्दल यंदा प्रत्येक बाई बोलली. एप्रिलमध्ये दहा ग्रॅमचा भाव एक लाखाला टेकला आणि पुढे वाढतच गेला. माझं मंगळसूत्र, पाटल्या आणि आईने दिलेली मोहनमाळ मी या पानावर लिहीत नाही. ते दागिने मी विकणार नाही, आणि जे विकणार नाही त्याची किंमत धरून श्रीमंत वाटून घेणं मला पटत नाही. गुंतवणूक म्हणून दागिना घेताना घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी मोजा, विकताना घडणावळ परत मिळत नाही. भाव चढल्यावर मागे धावायचं नाही, एवढं मी ठरवलं.

एक ओळ मात्र दरवर्षी या पानाच्या तळाशी असते: "पतसंस्था, येणे ३८,०००, शून्य धरणे." २०१८ मध्ये तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मी ६०,००० ठेवले होते. बँक पावणेसात टक्के देत होती, तिथे अकरा. संचालक ओळखीचे, कार्यालय चकचकीत. दोन वर्षांत पैसे देणं थांबलं. थोडे थोडे करून २२,००० परत मिळाले, बाकीचे अडकले. तेव्हा मला माहीत नव्हतं ते तुम्ही माहीत करून घ्या: बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकासुद्धा त्यात आल्या, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. अडकलेला पैसा हिशोबात शून्य धरा. कधी आला तर आनंद आहे, पण त्याच्या भरवशावर मुलाची फी ठरवू नका.

मुलगा पुण्यात डिप्लोमा करतो. त्याच्या खोलीवरच्या मुलांना ऑप्शन्सचं, म्हणजे बाजार चढेल की पडेल यावर पैसे लावायचं, वेड आहे, त्यालाही दहा हजार लावायचे होते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४ मधला अभ्यास आम्ही एकत्र वाचला. तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या सामान्य व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला होता, सरासरी माणशी सुमारे दोन लाखांचा. मी त्याला नको म्हटलं नाही. "शंभर ब्लाऊज कापले आणि त्र्याण्णव बिघडले तर मी त्या कापडाला हात लावेन का," एवढं विचारलं. त्याने पैसे लावले नाहीत.

हातात काय आलं

या पानाला मी हेच नाव दिलं आहे. वर्षात नवीन काय शिकले आणि त्याने काय बदललं. जुलैचा महिना दरवर्षी रिकामा जातो हे पहिल्या मापात दिसत होतंच. यंदा त्या महिन्यात आरी वर्कचा, म्हणजे आकड्याच्या सुईने करायच्या भरतकामाचा, क्लास लावला. फी ६,५००, सव्वीस दुपारी. पहिले दहा दिवस सुई कापडात अडकायची, साखळी सुटायची, आपलं वय झालं असं वाटायचं. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत आरी कामाचे वरचे ३८,००० मिळाले. या वर्षी माझ्या कुठल्याच पैशाने एवढं काम केलं नाही. तुम्हीही शिकण्याचा खर्च आणि त्यातून आलेलं उत्पन्न वेगळं लिहून बघा. घरखर्चात मिसळून गेलं की ते दिसत नाही.

शरीरही याच पानावर. जवळचा नंबर सव्वाचा पावणेदोन झाला. मान आखडते म्हणून फिजिओथेरपिस्टला दाखवलं, तिने स्टूल दोन इंच उंच करायला सांगितलं. ज्या हातांवर आणि डोळ्यांवर घर चालतं त्यांची तपासणी मी डिसेंबरच्या खर्चात आधीच धरते.

मागच्या वर्षीचे संकल्प उघडून समोर ठेवायचे, हे सगळ्यात कठीण. पाच लिहिले होते, दोन पाळले गेले. पाळलेले दोन असे होते: "गुरुवारी दुकान ११ ला उघडायचं, त्याआधी आईला फोन," आणि "जुलैत क्लास." न पाळलेले तीन असे: "चालायला जाणे," "वाचन वाढवणे," "राग कमी करणे." फरक लिहिण्यातच दिसतो. पहिल्या दोघांना दिवस आणि वेळ आहे, बाकीच्यांना नाही. यंदा चालण्याचं असं लिहिलं: सोमवार, बुधवार, शनिवार, सकाळी सहा, प्रीतिसंगमापर्यंत आणि परत, शेजारच्या वहिनींबरोबर. वहिनींना विचारून मगच लिहिलं.

रागाचं मला अजून लिहिता येत नव्हतं, तेव्हा त्याच्या मुळाशी गेले. यंदा मे महिन्यात एका आठवड्यात मी चौदा ब्लाऊज कबूल केले. मदतनीस मुलगी तापाने झोपली. नवरीची आई रात्री अकरापर्यंत दुकानात बसून होती, मी त्या मुलीवर फोनवर ओरडले, ती आजारी असताना. शेवटी सकाळी कार्यालयात जाऊन मी नवरीच्या अंगावर हूक टाचले. नवरीच्या आईची मी माफी मागितली. मुलीची मागायला मला चार महिने लागले. कुवतीपेक्षा जास्त कबूल केलं की मी चिडते, हे त्या दिवशी कळलं. आता भिंतीवर कॅलेंडर आहे, हंगामात दिवसाला ठरलेलेच नग, चौकोन भरला की पुढची तारीख. जूनपासून ३१ वेळा नाही म्हटलं. त्यातल्या बऱ्याच बायका पुढच्या तारखेला आल्या.

कुणाचं काय देणं राहिलं, तेही इथेच लिहा. पैशाचं आणि पैशापलीकडचंही. माझ्या यादीत यंदा पहिलं नाव त्या मुलीचं आहे: जानेवारीपासून पगारात हजार वाढ, आणि तिच्या नावाने पोस्टात खातं.

कागदांचं माप

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक शेवटी ठेवतात आणि मग करतच नाहीत. माझे वडील पाटणजवळच्या गावचे. मुंबईला गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी परतले आणि शेती केली. २०२१ मध्ये ते गेले. ट्रंकेत तीन पासबुकं आणि एक ठेवपावती सापडली. पावतीवर वारसाची जागा कोरी. तीन ठिकाणी नाव तीन तऱ्हेने लिहिलेलं. आई सोळा महिने हेलपाटे घालत होती. एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवायचे, प्रत्येक वेळी नवा दाखला. ती घरी येऊन पायऱ्यांवर बसायची आणि आत यायला तिला वेळ लागायचा. ते बघून मी हे पान सुरू केलं.

प्रत्येक खात्याच्या पुढे तीन गोष्टी लिहा: नावाची अक्षरं आधारशी जुळतात का, नॉमिनी कोण, मोबाइल नंबर चालू आहे का. बायकांनी पहिली गोष्ट नीट बघावी. माझं एक खातं लग्नाआधीच्या नावावर २०१९ पर्यंत होतं. नॉमिनीचं नाव लग्न, जन्म, मृत्यू यानंतर बदलावं लागतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. आम्ही डिसेंबरात जाऊन मुलाचंही नाव घातलं.

बँक खात्याचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मात्र समजून घ्या. तो पैसे ताब्यात घेतो, हक्क कायद्याने वारसांचा किंवा मृत्युपत्रात लिहिलं असेल त्यांचा. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. म्हणून आम्ही दोघांनी मृत्युपत्रं केली. ते साध्या कागदावरही चालतं, आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करायचं नाही. नोंदणी सक्तीची नाही, आम्ही करून घेतली.

जुन्या खात्यांचा शोध रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर घेता येतो. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, पण हक्क संपत नाही. पोर्टलवर नाव सापडलं की त्या बँकेत जाऊन दावा करायचा. २०२४ च्या डिसेंबरात मी सहज वडिलांचं नाव टाकलं. मुंबईतलं त्यांचं गिरणीच्या काळातलं बचत खातं निघालं. ७,३०० रुपये. आईने त्यातले हजार रुपये गावच्या मारुतीच्या भंडाऱ्याला दिले आणि बाकीचे अजून तसेच ठेवले आहेत.

वही मिटण्याआधी

पुढच्या वर्षासाठी तीनच कामं लिहा, तारखेसकट. माझी यंदाची: फेब्रुवारीअखेर मायेचे ५,००० भरणं. ४ एप्रिलच्या आत पीपीएफमध्ये जमेल तेवढं. १५ जूनला आईला घेऊन तलाठ्याकडे जाऊन वारस नोंदीचा फेरफार झाला का ते बघणं. एवढी झाली की चौथं सुचेल.

शेवटच्या पानावर वही कुठे ठेवली आहे ते लिहायचं, आणि त्या पानाचा फोटो घरातल्या तरुण माणसाला पाठवायचा. आमची वही दुकानातल्या शिलाई मशीनच्या उजव्या ड्रॉवरमध्ये, हुकांच्या डब्याखाली असते. ड्रॉवरची दुसरी किल्ली घरी देव्हाऱ्यामागे आहे. मुलगा रविवारी आला होता, त्याला ड्रॉवर उघडायला लावला.